हात कापतो ते दिसते, कारभार अडतो तो दिसत नाही
कंपवाताच्या रुग्णाची कार्यकारी क्षमता कशी तपासतात आणि ती का तपासून घ्यावी

— ऊस विकास अधिकारी, जळकोट गट



या पानावर आम्ही बेणेप्रक्रिया, खोडव्याचे खत किंवा ठिबकाची निगा यांवर लिहावे, अशी आपली अपेक्षा असते. ती माहिती गटसभेत आम्ही देतच असतो. आज मात्र शेतकी शास्त्राच्या पुस्तकात न सापडणाऱ्या, पण उसाच्या बांधावरच आम्हांला भेटलेल्या एका विषयावर लिहिणार आहोत. विषय आहे कंपवाताचा, म्हणजे डॉक्टर लोक ज्याला पार्किन्सन म्हणतात त्या आजाराचा. आणि त्यातही हाताच्या कंपाचा नव्हे, तर या आजारात माणसाच्या नियोजनशक्तीवर जो परिणाम होतो, त्याचा. आम्ही डॉक्टर नव्हे, शेतकी पदविका घेतलेले माणूस आहोत. जे पाहिले, तज्ज्ञांना विचारून घेतले आणि वाचून खात्री करून घेतली, तेवढेच सांगतो.

नोंद चुकली कशी?

आमच्या गटात एक जुने सभासद आहेत. नाव सांगत नाही; आपण त्यांना तात्या म्हणू. वय पासष्टच्या पुढे, शिक्षण तिसरी. एके काळी त्यांचा प्लॉट दाखवायला आम्ही दुसऱ्या गावची माणसे घेऊन जात असू. लागण झाली की आठ दिवसांच्या आत तात्या स्वतः गट ऑफिसला हजर. नोंदीची पावती घडी करून टोपीत ठेवायची आणि चहा घेऊन जायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा रिवाज.

तीन हंगामांपूर्वी गाडी बिघडली. जुलैअखेरची आडसाली लागण, आणि नोंदीला तात्या आले दिवाळीनंतर. पुढच्या वर्षी एकाच प्लॉटची नोंद दोनदा दिली, एकदा लागण म्हणून आणि एकदा खोडवा म्हणून. खताची पोती फोडून ठेवलेली तशीच पडून राहिली. ठिबकाचा वॉल्व्ह एका बाजूला रात्रभर चालू आणि दुसरी बाजू कोरडी. तोडणीची टोळी फडात उतरली तर ट्रॅक्टरला वाट केलेली नाही. चिटबॉयने तक्रार आणली. आम्हीही चिडलो आणि आमच्या डायरीत त्यांच्या नावापुढे लिहिले, ‘सभासद निष्काळजी’. ती डायरी अजून आमच्याकडे आहे.

त्याच सुमारास तात्यांचा उजवा हात कापू लागला होता. गावात कुजबुज झाली की म्हाताऱ्याने बाटली जवळ केली. वास्तविक तात्यांनी जन्मात दारूला शिवलेले नाही. पुढे डॉक्टरांनी कंपवाताचे निदान केले, गोळ्या सुरू झाल्या आणि हात पुष्कळ थांबला. पण कारभार काही सुधारला नाही. आता तर घरचेच म्हणू लागले, “हात बरा झाला की, मग ही सोंगं कशापायी?”

आम्ही एकदा बांधावर बसून विचारले, “तात्या, अडचण काय आहे?” ते म्हणाले, “साहेब, मला समदं कळतंय. कंचं काम ऱ्हायलंय तेबी कळतंय. पन आधी काय धरावं तेच उमगत न्हाई. मग बसून ऱ्हातो.”

या बोलण्यावर आम्ही विचार करण्याआधीच थोरला मुलगा गट ऑफिसात आला. त्याच्या हातात शेअर वर्ग करण्याचा अर्ज. म्हणाला, “वडिलांचं डोकं गेलं साहेब. शेअर आणि जमीन आम्ही नावावर करून घेतो. त्यांचा अंगठा आणतो.” तात्यांना सही येते. तरीही अंगठ्याची भाषा निघाली, हे आम्हांला खटकले. सोलापूरला दिलेली त्यांची मुलगी मात्र म्हणाली, “डोकं गेलं का नाही, ते आधी तपासून तरी घेऊ. मोठ्या डॉक्टरांकडं त्याची तपासणी असते म्हणे.” सोलापूरला आमचे काम होतेच. हैदराबाद रस्त्याने सकाळच्या गाडीने आम्हीही त्यांच्यासोबत गेलो.

हा आजार मुळात काय आहे?

१८१७ साली लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावर एक लहान पुस्तक लिहिले. त्यात सहा रुग्णांचे वर्णन आहे. त्यांतले काही तर त्यांनी केवळ रस्त्यात पाहिलेले. कंप, वाकलेली चाल, अंगाचा मंदपणा हे सारे त्यांनी अचूक टिपले. पण बुद्धीला धक्का लागत नाही, असेही लिहून ठेवले. पुढे फ्रान्सचे डॉक्टर शार्को यांनी या आजाराला पार्किन्सन यांचे नाव दिले आणि मनावरही परिणाम होतो, हे दाखवून दिले. तरी ‘हा नुसता हातापायांचा आजार’ हा समज फार काळ टिकला, आणि आपल्या गावांत तो आजही आहे.

मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक लहान पुंजका असतो. तो डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतो. कंपवातात या पेशी हळूहळू मरतात. बऱ्याचशा गेल्यावरच बाहेर लक्षण दिसू लागते. हे द्रव्य मेंदूच्या आतल्या ज्या भागात पोचते, तिथून कपाळामागच्या मेंदूकडे वेगवेगळे मार्ग जातात. १९८६ साली अमेरिकन संशोधकांनी हे मार्ग नीट मांडून दाखवले. एक मार्ग हालचालीचा, तर दुसरे मार्ग योजना आखणे, क्रम लावणे आणि निर्णय घेणे यांचे. चारीत पाणी कमी आले की एकच वाफा वाळत नाही, त्याच चारीवरचे बाकीचे वाफेही तहानतात. तसेच इथे आहे. गोळीने हालचालीचा वाफा चांगला भिजतो. नियोजनाच्या वाफ्याला मात्र तिचा फायदा सारखा मिळत नाही, कधी होतो, कधी होत नाही.

हा आजार आपल्याकडे नाही असे कुणी म्हणू नये. मुंबईच्या पारशी समाजात डॉक्टर भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली होती. १९८८ साली तिचे निष्कर्ष छापले गेले. त्या समाजात लाखामागे सुमारे ३२८ जणांना कंपवात आढळला. तो समाज वयस्कांचा, म्हणून आकडा मोठा. पण आपल्याकडेही म्हाताऱ्या माणसांची संख्या वाढतेच आहे.

मनाचा मुकादम

फडात कोयते चालवणारे हात निराळे आणि मुकादम निराळा. कोणती सरी आधी, मोळ्या कुठे, गाडी आली की कोणी भरायची, पाऊस आला तर काय, हे मुकादम पाहतो. तो स्वतः कोयता धरत नाही, पण तो नसला तर दहा कोयते असूनही गाडी वेळेवर भरत नाही. माणसाच्या मेंदूतही असा मुकादम असतो. शास्त्रात त्याच्या कामाला कार्यकारी क्षमता म्हणतात. त्यात मुख्यतः पाच गोष्टी येतात.

१. योजना आखणे आणि कामांचा क्रम लावणे.
२. हातातल्या कामापुरती माहिती डोक्यात धरून ठेवणे. म्हणजे तीन गाड्यांची वजने ऐकून मनात बेरीज करणे.
३. एका कामावरून दुसऱ्यावर वळणे आणि नियम बदलला की आपणही बदलणे.
४. मनाला आवर घालणे; चुकीची सवय किंवा घाईचे उत्तर वेळेवर थोपवणे.
५. कोणी न सांगता आपण होऊन कामाला सुरुवात करणे.

कंपवातात आधी दुखावतात त्या बहुधा याच गोष्टी. सर्वांना असे होते असे मुळीच नाही. १३०० हून अधिक रुग्णांच्या एकत्रित अभ्यासात, ज्यांना स्मृतिभ्रंश झालेला नव्हता अशांपैकी सुमारे चौथाई रुग्णांत विचारशक्तीच्या कोणत्या ना कोणत्या अंगात सौम्य घट दिसली, असे २०१० साली प्रसिद्ध झाले. म्हणजे चारांतले तीन या बाबतीत ठीकच होते. आपले माणूस त्या चौथ्यांत आहे की तिघांत, हे अंदाजाने ठरवू नये. त्यासाठी तपासणी आहे.

तपासणी कशी होते?

तात्यांची तपासणी एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी केली. सुई नाही, यंत्र नाही. टेबल, कागद, पेन्सिल, घड्याळ आणि बोलणे. आम्ही आणि मुलगी कोपऱ्यात गप्प बसलो.

पहिल्यांदा त्यांनी घड्याळ काढायला सांगितले. गोल काढा, आकडे घाला आणि काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर ठेवा. हे दिसते सोपे. पण आकडे सगळीकडे सारखे बसावेत म्हणून आधी मनात आखणी करावी लागते, आणि ‘दहा’ ऐकल्यावर काटा दहाच्या आकड्याकडे जाऊ पाहतो त्याला आवरावे लागते. तात्यांचे आकडे एका बाजूला दाटले आणि काटा दहावरच गेला.

मग एका मिनिटात जितके आठवतील तितके प्राणी सांगायचे. तात्यांनी गाय, बैल, म्हैस, शेळी, कुत्रं सांगितलं आणि थांबले. ज्याने आयुष्यभर जनावरे सांभाळली त्याला सहावे आठवेना. मिनिट संपल्यावर बाई सहज म्हणाल्या, “आणि रानातली?” तशी कोल्हा, ससा, रानडुक्कर, हरण, लांडगा अशी ओळ लागली. बाईंनी आम्हांला नंतर समजावले की कणगीत धान्य आहे, आपल्या हाताने झाकण उघडण्याची अडचण आहे. पाच शब्द लक्षात ठेवायला दिले होते, त्यातही तसेच झाले. आपण होऊन दोन आठवले, खूण दिल्यावर पाचही. स्मृतीच मुळापासून जाणाऱ्या आजारात खूण देऊनही असा फरक सहसा पडत नाही. म्हणून ही गोष्ट डॉक्टरांच्या दृष्टीने महत्त्वाची.

पुढे हाताचा खेळ. टेबलावर मूठ, मग हाताची कड, मग पंजा, हा क्रम पुन्हा पुन्हा करायचा. मग टिचकीचा खेळ. बाईंनी एकदा वाजवले तर तात्यांनी दोनदा, त्यांनी दोनदा तर यांनी एकदा. तो जमला की नियम बदलला. आता एकदा वाजवले तर एकदा, पण दोनदा वाजवले तर हात थांबवायचा. तात्यांचा हात पहिल्याच नियमाने चालत राहिला. ‘पेरू आणि केळे सारखे कशात?’ या प्रश्नाला मात्र त्यांनी पटकन ‘फळं की दोन्ही’ म्हणून उत्तर दिले. असे सहा भाग, प्रत्येकाला ३ गुण, एकूण १८ गुणांची ही चाचणी २००० साली फ्रान्समध्ये तयार झाली, आणि दहा मिनिटांत होते. दुसरी एक ३० गुणांची चाचणी २००५ साली कॅनडात मॉन्ट्रियलला निघाली. घड्याळाचे आणि पाच शब्दांचे काम तिच्यातले.

याहून सखोल चाचण्याही असतात. एकीत विखुरलेले आकडे आणि अक्षरे आलटून पालटून रेघेने जोडायची असतात. १ नंतर अ, मग २, मग ब. दुसरीत हिरव्या शाईने ‘लाल’ असे छापलेले असते आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा असतो. ही १९३५ पासून चालत आली आहे. तिसरीत पत्ते लावायचे असतात, आणि लावण्याचा नियम न सांगताच मध्ये बदलतात. रुग्ण जुन्या नियमाला किती वेळ चिकटून राहतो ते मोजतात. चौथीत तीन खुंट्यांवरचे रंगीत मणी कमीत कमी हालचालींत ठरल्या जागी न्यायचे. मणी हलवण्याआधी माणूस मनात डाव मांडतो का, ते त्यात कळते.

२०१२ साली या आजाराच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळींनी नियम घालून दिले. पहिली पायरी छोट्या चाचणीची. नेमके निदान हवे असेल तर दुसरी पायरी. तीत लक्ष, कार्यकारी क्षमता, भाषा, स्मृती आणि जागेचे भान या पाचही अंगांना किमान दोन-दोन चाचण्या. एका चाचणीत नापास झाला म्हणून माणसावर शिक्का मारायचा नाही.

तपासणीतले खड्डे

उसाचा उतारा काढताना नमुना चुकीचा घेतला तर यंत्र कितीही चांगले असले तरी आकडा खोटा येतो. इथेही तसेच आहे. आम्ही विचारून घेतलेले मुद्दे असे.

*शिक्षण.* ज्याने पेन्सिल हातात धरून चाळीस वर्षे झाली त्याला घड्याळ काढता आले नाही, तर तो दोष मेंदूचा की शाळेचा? म्हणून गुणांची तुलना त्याच वयाच्या, तेवढ्याच शिक्षणाच्या निरोगी माणसांशी करावी लागते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २००४ साली भारतीय माणसांवर वय आणि शिक्षणानुसार प्रमाण ठरवलेला चाचणीसंच प्रसिद्ध केला, तो याचसाठी. अक्षरओळख नसलेल्यांसाठी अक्षरांऐवजी गुलाबी आणि पिवळ्या गोलांतले आकडे जोडण्याची चाचणीही आहे. आपल्या माणसाचे शिक्षण किती, हे तपासणाऱ्याला आधीच खरे सांगावे. त्यात लाज कसली?

*हाताचा मंदपणा.* कंपवातात हात मुळातच सावकाश चालतो. घड्याळ लावून रेघा ओढायला लावल्या तर उशीर हाताचा की डोक्याचा, ते कळत नाही. म्हणून शक्य तिथे तोंडी चाचणी घेतात.

*गोळीची वेळ.* गोळीचा अंमल असतानाचा माणूस आणि अंमल उतरल्यावरचा माणूस वेगळा. तपासणी अंमल चांगला असताना व्हावी. तात्यांना आम्ही पहाटेच्या गोळीनंतर तीन तासांनी नेले. बाईंनी पुढची गोळी घेऊ दिली आणि मगच सुरुवात केली.

*उदासी, झोप, कान, डोळे.* या आजारात मन उदास होणे फार आढळते, आणि उदास माणूसही सुस्त आणि निर्णयाला मागे असतो. रात्रीची झोप, चष्मा, ऐकणे, अंगातले बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड हेही पाहतात. कंप थांबवण्यासाठी दिले जाणारे ट्रायहेक्सीफेनिडिल हे औषध म्हाताऱ्या माणसाची विचारशक्ती आणि स्मृती मंद करू शकते. चालू असेल तर डॉक्टरांना दाखवावे. आपल्या मनाने मात्र एकही गोळी एकाएकी बंद करू नये.

*घरच्यांची साक्ष.* १९९१ साली दोन इंग्रज मानसशास्त्रज्ञांनी दाखवले की टेबलावरच्या चाचण्यांत ठीक गुण मिळवणारे काही रुग्ण बाजारात चार कामे करायला पाठवले की गोंधळतात. आपल्या भाषेत सांगायचे तर ऑफिसात पास, आठवडी बाजारात नापास. म्हणून पैसे मोजणे, गोळ्या वेळेवर घेणे, काम अर्धवट टाकणे याबद्दल घरच्यांना वेगळे विचारतात. रुग्णाला आपली अडचण नेहमीच जाणवते असे नाही. आणि घरचे रागावलेले असतील तर तेही वाढवून सांगतात. दोघांचेही ऐकावे लागते.

तात्यांचे काय निघाले?

शेवटी बाईंनी आम्हांला कामाला लावले. म्हणाल्या, “तुम्ही शेतीतले आहात. आडसाली लागणीची सात कामे सात चिठ्ठ्यांवर मोठ्या अक्षरात लिहा.” त्याआधी त्यांनी तात्यांना तीच कामे तोंडी सांगायला लावली होती. कामे सगळी आली, पण क्रम विस्कटलेला; सरी सोडण्याआधी बेणे, बेण्यानंतर शेणखत. आम्ही चिठ्ठ्या लिहिल्या. नांगरट, शेणखत, सरी, बेणेप्रक्रिया, लागण, आंबवणीचे पाणी, नोंद. उलटसुलट करून टेबलावर टाकल्या. तात्या एकेक अक्षर लावून वाचत गेले, आणि बऱ्याच वेळाने का होईना, सातही चिठ्ठ्या बरोबर क्रमाने मांडल्या. शेवटच्या चिठ्ठीवर बोट ठेवून आमच्याकडे बघून म्हणाले, “नोंद आठ दिसात.” आम्हांला डायरीतली ती ओळ आठवली आणि खाली बघावे लागले.

बाई म्हणाल्या की ही काही गुणांची चाचणी नव्हे, पण कोणती मदत लागू पडेल ते हिने कळते. निष्कर्ष असा निघाला की समज शाबूत, भाषा शाबूत, साठवण बरीचशी शाबूत. दुबळे आहे ते सुरुवात करणे, क्रम लावणे आणि एका कामावरून दुसऱ्यावर वळणे. मनात जुळणी होत नाही, डोळ्यांसमोर मांडली तर होते.

मग घरी काय केले?

ओसरीत एक फळा टांगला. त्यावर रोज सकाळी धाकटा मुलगा आणि तात्या मिळून तीनच कामे लिहितात, चौथे नाही. झालेल्या कामावर तात्या स्वतः खडूने रेघ मारतात. गोळ्यांसाठी कप्प्यांची डबी आणि मोबाइलचा गजर. ठिबकाच्या वॉल्व्हना लाल आणि पिवळा रंग, आणि कोणत्या दिवशी कोणता, ते पेटीवर लिहिलेले. घरातल्यांना एकच सूचना. ‘काय काय करायचंय?’ असे न विचारता ‘आता पाणी सोडायचं का खत टाकायचं?’ असे दोनांतले एक विचारा. चालताना बोलायला लावू नका. कंपवातात चालणे आणि बोलणे एकदम केले की तोल जातो. बांधावर फोन आला तर आधी थांबावे, मग बोलावे. रोज चालणे आणि व्यायाम सुरू आहे.

दोन इशारे इथेच देतो. प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल या गटातल्या गोळ्यांनी काही रुग्णांना जुगार, अवाजवी खरेदी असे नाद लागतात. ऊसबिल हातात आल्यावर माणूस अचानक उधळपट्टी करू लागला, तर भांडण्याआधी डॉक्टरांना सांगा. दुसरे म्हणजे आपल्या बांधावरची खाजकुइली. तिच्या बियांत कंपवाताच्या गोळीतलेच द्रव्य, लेव्होडोपा, असते. हे भारतीय संशोधकांनी १९३७ मध्येच दाखवले आहे. पण म्हणून कोणी सांगितले आणि बी कुटून खाल्ले असे करू नये. गोळीसोबत मात्रा दुप्पट होऊन माणूस भ्रमात जाऊ शकतो.

सही, अंगठा आणि सातबारा

आता मुख्य गोष्ट. चाचणीत गुण कमी आले म्हणजे माणूस व्यवहाराला नालायक ठरला, असे नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार पाहायचे असते ते हे, की करार करतेवेळी त्या माणसाला व्यवहार समजतो का आणि आपल्या हिताअहिताचा विचार करून निर्णय घेता येतो का. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत पार्किन्सनचा समावेश आहे, आणि याच कायद्याने दिव्यांग व्यक्तीला मालमत्ता बाळगण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार पाहण्याचा इतरांइतकाच हक्क दिला आहे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठीही चौकशी करावी.

तात्यांच्या घरी सर्वांना बसवून आम्ही हेच सांगितले. थोरला मुलगा वाईट नाही. कर्जाच्या हप्त्यांनी आणि कोरड्या पडणाऱ्या बोअरने तो गांजलेला होता. तात्या त्याला म्हणाले, “शेअर तुलाच द्यायचाय रं. पन इचारून घे. अंगठा कशाला? माझी सही हाय.” शेअर आजही तात्यांच्या नावावर आहे, वारस म्हणून दोन्ही मुलांची नावे त्यांनी स्वतः सांगून लिहविली आहेत, आणि बँकेचे काम धाकटा त्यांना सोबत घेऊन करतो.

पुढे सगळे सोपे झाले असे आम्ही म्हणणार नाही. हा आजार हळूहळू वाढणाराच आहे. यंदा तात्या शेतात कमी येतात, बोलणे बारीक झाले आहे. वर्षाने पुन्हा तपासणी करायला सांगितले आहे. पहिल्या तपासणीचे कागद असले की उतार किती ते कळते. पण गेल्या आडसालीची नोंद सहाव्या दिवशी झाली. फळ्यावर लिहिलेले ते त्या दिवसाचे तिसरे काम होते.

आपल्याला काय करता येईल?

आमच्या चिटबॉयना आम्ही सूचना दिली आहे. वर्षानुवर्षे चोख असलेला सभासद एकाएकी चुका करू लागला, तर शेरा लिहिण्याआधी घरी जाऊन चौकशी करावी. आपल्या घरातही पाहावे. अक्षर बारीक झाले, एक हात हलवल्याशिवाय चालतो, वास येईनासा झाला, अंग ताठरले, आणि जोडीला नेहमीची कामे अर्धवट राहू लागली, तर त्याला आळस किंवा नाटक म्हणू नये. शेजारच्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. आजार ओळखण्याची पहिली नजर गावातच तयार होऊ शकते, हे त्यांनी आपल्याच तालुक्यात दाखवले आहे. आशाताईंशी बोलावे. सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करावी. जाताना जुनी औषधे, चष्मा आणि रोजची कामे जवळून पाहणारे एक माणूस सोबत न्यावे.

मुंबईत २००१ पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी रुग्णांचे आणि सांभाळणाऱ्यांचे मदतगट चालवते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथली मंडळी एकत्र जमतात, सहली काढतात, आणि या आजाराविषयी मराठीतून लिहितात. ११ एप्रिल हा जेम्स पार्किन्सन यांचा जन्मदिवस जगभर पार्किन्सन दिन म्हणून पाळतात. त्या सुमाराला आपल्या गटसभेत या विषयाला अर्धा तास द्यावा असा आमचा विचार आहे. ज्यांच्या घरी असे माणूस आहे त्यांनी जरूर यावे, आणि त्या माणसालाही आणावे.

डायरीतली ती ओळ आम्ही खोडली नाही. तिच्याखाली तारीख घालून लिहिले आहे, ‘सभासद आजारी होते. चौकशी केली नव्हती.’

कळावे.